आपले तेवढेच सांगावे : डोरोथी डे यांच्या दीर्घ सदरलेखनाविषयी

गेल्या नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या स्मरणाचे दिवस चालू असताना, सकाळच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क भगिनी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात या त्रैमासिकाचा अंक होता. त्या अंकात आम्ही त्यांच्या दिवंगत पतीविषयी लिहिले होते. नाव दिले नव्हते, व्यवसायही बदलला होता. परंतु गाव लहान असले की एवढ्याने भागत नाही. पतीच्या मृत्यूनंतर त्यांच्या बायबलमध्ये पतपेढीची एक पावती सापडली, पत्नीच्या दोन बांगड्या गहाण ठेवल्याची. आणि ती ईयोबच्या पुस्तकाच्या पानांत खूण म्हणून ठेवलेली होती, असे एक वाक्य त्या लेखात होते. अनेक वाचकांनी त्या वाक्याची आवर्जून प्रशंसा केली होती. आम्हांसही ते आवडले होते, हे येथे लपविण्यात अर्थ नाही.

त्या म्हणाल्या, “फादर, लेख वाचला. बरा लिहिलाय. पण ती पावती तुम्ही घरी आला होता तेव्हा मीच तुम्हाला दाखवली होती. लिहायला नव्हती दाखवली.”

एवढे बोलून त्या निघून गेल्या. आम्हांस उत्तर सुचले नाही. ही गोष्ट पापनिवेदनात ऐकलेली नव्हती. ती मर्यादा कोणताही धर्मगुरू ओलांडत नाही. ती एका घरभेटीत, चहाच्या कपासमोर, विश्वासाने दाखविलेली गोष्ट होती. आम्ही तिचे साहित्य केले.

या त्रैमासिकात आम्ही सुमारे बावीस वर्षे लिहीत आहोत. वर्षाला चार या हिशेबाने लेखांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली आहे. त्यांतील निवडक लेखांचा संग्रह काढावा असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह आहे, आणि त्यांनी केलेल्या यादीत बांगड्यांचा तो लेख पहिल्या क्रमांकावर आहे. त्यामुळे त्या भगिनींचे बोलणे विसरून पुढे जाणे आम्हांस शक्य झाले नाही. दीर्घकाळ, ठरावीक मुदतीने, ओळखीच्या वाचकांसाठी लिहिणाऱ्या माणसाचे काय होते? आणि तो ज्यांच्यामध्ये राहून लिहितो त्यांचे काय होते? आपल्या समीक्षेत कादंबरी, काव्य व नाटक यांची चर्चा विपुल आढळते. सदरलेखनाची चर्चा त्या मानाने अल्प आहे. पुस्तक लिहिणारा लेखक एकदा वाचकांच्या दारी येतो व निघून जातो. सदर लिहिणारा त्यांच्याच आळीत राहतो. त्याचे यश आणि त्याचे अपराध दोन्ही या शेजारातून उद्भवतात.

हा प्रश्न मनात ठेवून आम्ही या वर्षीच्या उपवासकाळात डोरोथी डे यांचे लेखन पुन्हा वाचावयास घेतले. त्यांची दोन पुस्तके सेमिनरीच्या काळात आमच्या हाती आली होती. त्या वेळी आम्ही ती समाजकार्याची पुस्तके म्हणून वाचली. या खेपेस एका सदरलेखिकेचे लेखन म्हणून वाचली, आणि ती फार वेगळी वाटली.

डोरोथी डे यांचा अल्प परिचय देणे येथे आवश्यक आहे. ८ नोव्हेंबर १८९७ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे त्यांचा जन्म झाला. वडील घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणारे पत्रकार होते. तरुणपणी त्यांनी समाजवादी व डाव्या नियतकालिकांतून लेखन केले. १९२४ साली त्यांची ‘द इलेव्हन्थ व्हर्जिन’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या चित्रपट-हक्कांच्या पैशांतून त्यांनी स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावर एक लहानसे घर घेतले. १९२६ साली त्यांना कन्या झाली, तिचे नाव टमार. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. कन्येच्या वडिलांना धर्म मान्य नव्हता, त्यामुळे ज्या पुरुषावर त्यांचे प्रेम होते त्याच्यापासून त्यांना दूर व्हावे लागले. पुढे पीटर मोरिन या फ्रेंच विचारवंताच्या प्रेरणेने, १ मे १९३३ रोजी, आर्थिक मंदीच्या ऐन काळात, त्यांनी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये ‘द कॅथलिक वर्कर’ या पत्राचा पहिला अंक विकावयास आणला. प्रती २,५००, छपाईचा खर्च ५७ डॉलर, अंकाची किंमत एक सेंट. पत्रापाठोपाठ बेघरांसाठी आतिथ्यगृहे उभी राहिली, भुकेल्यांची रांग सुरू झाली. २९ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले. २००० साली त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस मान्यता मिळून त्यांना ‘देवाची सेविका’ हे अभिधान प्राप्त झाले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताने चौकशीचा आपला टप्पा पूर्ण केला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली अमेरिकन काँग्रेससमोर केलेल्या भाषणात ज्या चार थोर अमेरिकनांचा गौरवाने उल्लेख केला, त्यांत त्या एक होत्या.

आपणांस प्रयोजन आहे ते त्यांच्या सदराशी. पत्राच्या आरंभीच्या काळापासून त्या सदर लिहीत. त्याची नावे बदलली. १९४६ पासून ते ‘ऑन पिलग्रिमेज’, म्हणजे ‘यात्रेत असताना’, या नावाने येऊ लागले आणि त्यांच्या अखेरच्या वर्षापर्यंत येत राहिले. जवळजवळ अर्धे शतक! या काळात मंदी गेली, महायुद्ध झाले, दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, व्हिएतनामचे युद्ध सुरू होऊन संपले. सदर चालूच होते.

या सदराचे स्वरूप कसे होते? प्रथम वाचणाऱ्यास ते बहुधा निराश करील. त्यात निबंधाची बांधणी नाही. एक परिच्छेद आतिथ्यगृहातील कढईविषयी, दुसरा डोस्तोएव्स्कीविषयी, तिसरा कोणाच्या आजारपणाविषयी, चौथा थकलेल्या देण्याविषयी. मध्येच समुद्रकिनाऱ्यावरील पक्षी, शनिवारी दुपारी रेडिओवर ऐकलेला ऑपेरा, लिटल फ्लॉवर संत तेरेझाचा उल्लेख, आणि शेवटी वाचकांकडे मदतीची याचना. दूरच्या नातेवाइकाने महिन्याकाठी पाठविलेल्या पत्रासारखा हा ऐवज आहे. अशा पत्रात मुद्दा शोधू नये. घरातील माणसे सुखरूप आहेत की नाहीत हे शोधावे.

१९४८ साली त्यांनी त्या एका वर्षाची दैनंदिनी ‘ऑन पिलग्रिमेज’ याच नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत महिन्यांचीच प्रकरणे आहेत. वर्षाच्या प्रारंभी त्या वेस्ट व्हर्जिनियातील एका शेतावर, कन्येच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आहेत. कडाक्याची थंडी, चूल, धुणी, नातवंडे, आणि त्या साऱ्यांतून वेळ काढून केलेली प्रार्थना व वाचन. ज्या स्त्रीचे नाव आंदोलनांशी जोडले गेले आहे, तिच्या पुस्तकात लंगोटांना एवढे स्थान असावे, याचे आम्हांस तरुणपणी नवल वाटले होते. ती पाने आम्ही त्या वेळी भराभर उलटली. आज वाटते की तीच पाने पुस्तकाचा कणा आहेत. आपल्या धर्मग्रामातील मातांनी ती वाचली, तर ‘आम्हांला प्रार्थनेला वेळ कुठे?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न तेथे एका थोर स्त्रीच्या तोंडून त्यांना ऐकू येईल.

दीर्घ लेखन करणाऱ्यास तीन प्रलोभने गाठतात, असे आमचे निरीक्षण आहे. डोरोथी डे यांच्या सदराची परीक्षा या तिन्हींच्या संदर्भात केली पाहिजे.

पहिले प्रलोभन नाविन्याचे. पंधरा-वीस लेख लिहून झाले की लेखकाच्या ध्यानात येते, आपल्याजवळ सांगण्यासारख्या गोष्टी फार तर चार-पाच आहेत. मग तो नवी सोंगे आणू लागतो. आज प्रवासवर्णन, उद्या वादविवाद, परवा एखाद्या गाजलेल्या घटनेवर घाईघाईने मत. आम्हीही हे केले आहे. आमच्या जुन्या अंकांत त्याचे पुरावे आहेत. डोरोथी डे यांनी हा मोह फारसा जवळ येऊ दिला नाही. दारिद्र्य, युद्धविरोध, श्रमाची प्रतिष्ठा, दयेची कृत्ये, रोजची मिस्सा: हेच पाच-सहा विषय त्या पन्नास वर्षे फिरवून सांगत राहिल्या. तेच तेच वाचून वाचक कंटाळला तर नवल नाही. परंतु जिच्या दारात रोज सकाळी तीच रांग उभी राहते, तिने दर महिन्यास नवा विषय आणला असता तर ती रांग खोटी ठरली असती. भूक दररोज तीच असते. तिच्याविषयी लिहिणाऱ्याच्या लेखनात पुनरुक्ती येणारच.

तरीही समीक्षक या नात्याने आम्ही त्यांना सर्वस्वी निर्दोष ठरवू शकत नाही. पुनरुक्ती दोन प्रकारची असते. जपमाळेत तीच प्रार्थना पुन्हा येते तेव्हा मन एकाग्र होते. प्रवचनात तोच दृष्टान्त पुन्हा येतो तेव्हा मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. डोरोथी डे यांच्या सदरात दोन्ही प्रकार आहेत. काही महिन्यांचा मजकूर उघडपणे घाईने, प्रवासात, मध्येच हात सोडून दिल्यासारखा लिहिलेला आहे. संतपदाची प्रक्रिया चालू आहे म्हणून सुमार परिच्छेदास उत्तम म्हणावे, असे ख्रिस्तसभा आपणांस सांगत नाही.

दुसरे प्रलोभन वाचकसंख्येचे. प्रारंभी या पत्राची वाढ विलक्षण झाली. थोड्याच वर्षांत खप लाखाच्या पलीकडे गेला. धर्मग्रामांतून, शाळांतून गठ्ठेच्या गठ्ठे मागविले जात. मग १९३६ साली स्पेनमध्ये यादवी सुरू झाली. बहुसंख्य अमेरिकन कॅथलिकांची सहानुभूती फ्रँकोच्या बाजूस होती; ‘कॅथलिक वर्कर’ने कोणत्याही बाजूने शस्त्राचे समर्थन करण्यास नकार दिला. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा जानेवारी १९४२ च्या अंकात डोरोथी डे यांनी आपली शांततावादी भूमिका कायम असल्याचे स्पष्ट लिहिले. त्यांचे काही निकटचे सहकारीसुद्धा याबाबत त्यांच्याशी सहमत नव्हते. गठ्ठे बंद होऊ लागले. खप निम्म्याहून खाली आला. नाझी अत्याचारांच्या काळात ही भूमिका योग्य होती काय, याविषयी प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. आमच्या मनातही तो आहे. परंतु लेखिका म्हणून त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. गेलेल्या वाचकांना परत आणण्यासाठी त्यांनी आवाज चढविला नाही, आणि मवाळही केला नाही. पुढील महिन्याच्या सदरात पुन्हा कढई होती, कॉफी होती, थकलेली देणी होती. मतभेद झालेल्या वाचकासही त्या घरच्या माणसासारख्या पत्र लिहीत राहिल्या. आपल्याकडे याचे एक उदाहरण सहज आठवते. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत संपादन केले. हरित वसईच्या लढ्यात त्यांनी घेतलेली भूमिका सर्वांनाच रुचली नव्हती. २०२४ साली ते निवर्तले. शेजाऱ्यांचा रोष पत्करून शेजाऱ्यांसाठीच लिहीत राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या वाचकांना निराळे सांगावे लागणार नाही.

तिसरे प्रलोभन सर्वांत सूक्ष्म आहे, आणि आमचा अपराध याच सदरात मोडतो. ते म्हणजे जवळच्या माणसांचे साहित्य करण्याचे प्रलोभन. लेखकास मुदत गाठावयाची असते. अंक छापखान्यात जाण्याचा दिवस उद्यावर येतो, आणि हाताशी असतात ती घरातली, शेजारची, धर्मग्रामातली माणसे. त्यांचे दुःख जिवंत असते, तपशीलवार असते आणि विनामूल्य असते.

डोरोथी डे या प्रलोभनापासून मुक्त नव्हत्या. कन्येच्या जन्मानंतर त्यांनी बाळंतपणाच्या अनुभवावर एक लेख लिहिला. तो १९२८ साली ‘न्यू मासेस’ या डाव्या नियतकालिकात आला आणि पुष्कळ वाचला गेला. म्हणजे टमारचे छापील आयुष्य तिच्या जन्मापासूनच सुरू झाले. पुढे सदरात ती वारंवार येते. तिचे शेत, तिची नऊ मुले, तिचे विणकाम. या मुलांपैकी सर्वांत धाकट्या कन्येने, केट हेनेसी यांनी, २०१७ साली आजी आणि आई यांच्या नात्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते ममतेने लिहिलेले आहे, पण डोळे उघडे ठेवून लिहिलेले आहे. साऱ्या जगाला आपले घर उघडणाऱ्या आईची एकुलती एक मुलगी होणे किती अवघड होते, हे त्यातून कळते. सदर वाचताना जी मुलगी आपणांस नेहमी आजूबाजूस वावरताना दिसते, तिचा स्वतःचा आवाज आपण सदरात फारसा ऐकलाच नव्हता, ही जाणीव ते पुस्तक करून देते. ‘ऑन पिलग्रिमेज’ वाचणाऱ्याने हे दुसरे पुस्तकही वाचावे, असे आम्ही सुचवितो.

येथे एक महत्त्वाचा फरक मात्र नोंदविला पाहिजे. डोरोथी डे १९३४ पासून रोजनिशीही लिहीत होत्या. ती त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठाच्या संग्रहात बंद होती, आणि २००८ साली ‘द ड्यूटी ऑफ डिलाइट’ या नावाने प्रसिद्ध झाली. सदर आणि रोजनिशी शेजारी ठेवून वाचली असता दोहोंतील सीमारेषा दिसू लागते. कन्येच्या संसारातील ताणांची काळजी रोजनिशीत पुन्हा पुन्हा येते. सदरात तिला स्थान नाही. सहकाऱ्यांविषयीची चीड, एखाद्या पाहुण्याच्या वर्तनाने आलेला वैताग, रोजनिशीत आहे. सदरात येताना तो बहुधा स्वतःच्याच अधीरतेची कबुली होऊन येतो. म्हणजे वाचकांसमोर एवढे मोकळेपणाने बोलणाऱ्या या स्त्रीने फार काही स्वतःजवळ ठेवले होते. मोकळेपणा आणि सर्व काही सांगून टाकणे या एकच गोष्टी नव्हेत, हे सदरलेखकाने त्यांच्यापासून शिकावे.

याच संदर्भात त्यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लाँग लोन्लीनेस’ या आत्मकथेचा प्रारंभ पाहण्यासारखा आहे. आत्मकथा त्या जन्मापासून सुरू करीत नाहीत. पापनिवेदनापासून सुरू करतात. शनिवारच्या संध्याकाळी मंदिरात जाऊन रांगेत थांबणे, पडद्यामागे गुडघे टेकणे, आणि तेच ते रंगहीन अपराध पुन्हा सांगणे किती कठीण असते, हे त्या वर्णन करतात, आणि पुस्तक लिहिणेही तितकेच कठीण असल्याचे सुचवितात. कारण दोन्हींत माणूस स्वतःला देऊन टाकतो. त्याच ठिकाणी त्या पापनिवेदनाचा एक साधा नियम सांगून जातात: तेथे दुसऱ्याची पापे सांगावयाची नसतात, स्वतःचे गुणही सांगावयाचे नसतात; आपली पापे तेवढी सांगावयाची.

तीस वर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूस हा नियम नवा नाही. आम्ही तो पहिल्या कम्युनियनच्या मुलांना दरवर्षी शिकवितो. “सर, पण आधी भावानं मला मारलं,” असे एखादा मुलगा म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला हसत सांगतो, “भावाचं भाऊ सांगेल. तू तुझं सांग.” परंतु हाच नियम लेखनासही लागू होतो, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. आमच्या ऐंशी लेखांत आम्ही किती जणांची दुःखे सांगितली, किती जणांची कर्जे, भांडणे, दारू, पश्चात्ताप! आणि स्वतःविषयी सांगताना आम्ही किती सावध होतो! त्या बांगड्यांच्या लेखात आम्ही स्वतः कोठे होतो? त्या घरात बसलेला, पावती पाहून हेलावलेला, सहृदय धर्मगुरू, एवढेच. म्हणजे दुसऱ्याचे दुःख आणि आपला सद्गुण, नेमके जे सांगू नये तेच दोन्ही आम्ही एका वाक्यात साधले होते.

मग सदरलेखकाने दुसऱ्या माणसांविषयी लिहूच नये काय? असे म्हणणे हास्यास्पद होईल. माणसांमध्ये राहणारा माणसांविषयीच लिहिणार. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मकथेत टिळकांच्या लहरीपणाचे, रुसण्या-फुगण्याचे, हातातले पैसे वाटून मोकळे होण्याचे कितीतरी प्रसंग आहेत. तरीही वाचकास कोठे चहाडी ऐकल्यासारखे वाटत नाही. कारण प्रत्येक प्रसंगात लक्ष्मीबाई प्रथम स्वतःवर हसतात. स्वतःची फजिती आधी मांडली की दुसऱ्याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मिळतो. डोरोथी डे यांच्या लेखनात विनोद त्या मानाने कमी. त्यांच्याकडे त्याची जागा स्वतःच्या रागीटपणाच्या, कठोरपणाच्या, थकव्याच्या कबुलीने भरून काढलेली आहे. मार्ग निराळे, परंतु न्याय तोच.

न सांगितलेल्या गोष्टींविषयीही एक शब्द. डोरोथी डे यांच्या तारुण्यातील सर्वांत काळोखा प्रसंग म्हणजे त्यांनी केलेला गर्भपात. १९२४ च्या कादंबरीत तो कथेच्या आवरणाखाली आला होता. त्या कादंबरीचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. १९५२ च्या आत्मकथेत तो नाही. काही अभ्यासकांना ही उणीव वाटते. पापनिवेदनाने आत्मकथेचा प्रारंभ करणाऱ्या लेखिकेने एवढी मोठी गोष्ट गाळावी हे विसंगत आहे, असा आक्षेप घेता येईल. आम्हांस तो पूर्णपणे मान्य नाही. पापनिवेदन देवासमोर, त्याच्या सेवकाच्या साक्षीने असते. वाचक हा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू नव्हे. त्याला क्षमा देण्याचा अधिकार नाही, आणि गुप्तता राखण्याचे बंधनही नाही. लेखनाला पापनिवेदनाची नम्रता असावी. त्याने पापनिवेदनाची जागा घेऊ नये.

१९७० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, डोरोथी डे भारतात येऊन गेल्या. कलकत्त्यास मदर तेरेसांना भेटल्या. १९७३ साली कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या आंदोलनात त्यांना अखेरची अटक झाली. १९७६ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांचे फिरणे थांबले. सदर मात्र थांबले नाही. ते लहान लहान होत गेले. शेवटी दोन-दोन, तीन-तीन ओळींच्या नोंदी उरल्या. खिडकीतून दिसणारे झाड, कोण भेटावयास आले, हवा कशी होती, कोण वारले. वाङ्मयीन दृष्ट्या त्यांत फार काही नाही. परंतु पन्नास वर्षे ज्यांना पत्रे लिहिली त्यांना ‘मी अजून आहे’ एवढे कळविणे हेही सदराचे एक काम असते. मोठ्या विषयांवरील त्यांच्या लेखांपेक्षा या दुबळ्या नोंदींपाशी आम्ही अधिक वेळ थांबलो. त्यांत दुसऱ्या कोणाचे काही घेतलेले नाही.

उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात आम्ही त्या भगिनींच्या घरी गेलो. संग्रहाचे प्रयोजन सांगितले, क्षमा मागितली, आणि लेख त्यांच्यासमोर पुन्हा वाचून दाखविला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. लेख संग्रहातून काढून टाकण्याची आमची तयारी होती. तसे आम्ही म्हटलेही.

“लेख राहू द्या, फादर,” त्या म्हणाल्या. “माणूस चांगला होता. ते लोकांना कळू द्या. पावती तेवढी काढा.”

आम्ही म्हटले, “मावशी, पावती काढली तर लेखात उरतं काय?”

“ते तुम्ही बघा. लिहिणारे तुम्ही.”

त्या रात्री आम्ही लेख पुढ्यात घेऊन बसलो. ते वाक्य काढले. त्याच्या आधीचे वाक्य त्याच्याच आधाराने उभे होते, म्हणून तेही गेले. त्या जागी काय लिहावे हे बराच वेळ सुचेना. अखेरीस, त्या गृहस्थांच्या अखेरच्या आजारात त्यांनी दोनदा निरोप पाठवूनही आम्ही वेळेवर गेलो नव्हतो, तिसऱ्या निरोपास गेलो, हे लिहिले. ही गोष्ट मूळ लेखात नव्हती. तिच्यात ईयोब नाही, बांगड्या नाहीत, आणि कोणी तिची प्रशंसा करील असे वाटत नाही. लेख पूर्वीपेक्षा उणा झाला आहे, हे संपादक मंडळाने आम्हांस प्रांजळपणे कळविले; ते आम्हांसही मान्य आहे. संग्रहात तो तसाच जाईल.